कर्मवीर भाऊराव पाटील : गरिबीशी लढायला पोरं उभी करणारे अण्णा



दरवर्षी २२ सप्टेंबरला आपल्या शाळांमध्ये कर्मवीर जयंती होते. फोटोला हार घालतो, दोन-तीन मुलं पाठ केलेली भाषणं करतात, त्यात जन्मगाव येतं, वटवृक्ष येतो, मंगळसूत्राची गोष्ट येते आणि टाळ्या होऊन मुलं वर्गात जातात. मीही वर्षानुवर्षं तशीच भाषणं लिहून देत आले. यंदाही दिली. पण दिवाळीनंतर वर्गात एक गोष्ट घडली आणि तेच आयुष्य मला मुलांना पुन्हा, जरा वेगळ्या बाजूने सांगावं लागलं. तो पाठ इथे लिहून ठेवते आहे. कुणाच्या उपयोगी पडला तर बरंच.

आमची शाळा वालचंदनगरच्या जवळ, उसाच्या पट्ट्यात आहे. दिवाळी झाली की टोळ्या येतात, माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि आमच्या पटावर दहा-पंधरा नवी नावं चढतात. पाचवीच्या वर्गाला मी निबंधाला विषय दिला होता, जगातली गरिबी कोण घालवणार. १७ ऑक्टोबर हा दारिद्र्य निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस सुट्टीच्या गडबडीत राहून गेला होता, म्हणून उशिराने दिला. उत्तरं ठरलेली होती. कुणी सरकार लिहिलं, कुणी मोठे साहेब, कुणी परदेशातले श्रीमंत लोक. शिक्षण हमी कार्डावर नुकत्याच आलेल्या एका मुलीने मात्र दीडच ओळ लिहिली होती. तिने लिहिलं होतं की माझा दादा घालवणार, तो बारावीला आहे आणि रात्री कोपीवर आम्हा सगळ्यांना बाराखडी आणि पाढे शिकवतो.

ती वही मी घरी घेऊन गेले. निबंध म्हणून मार्क किती द्यायचे ते कळेना. पण आपण जयंतीच्या भाषणात जे कधीच सांगत नाही ते या पोरीला ठाऊक आहे, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला पुस्तक बाजूला ठेवलं आणि अण्णांची गोष्ट सुरू केली.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज इथे आजोळी झाला. कुंभोज म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं हातकणंगल्याजवळचं गाव. मूळ घर वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. जैन शेतकरी कुटुंब होतं आणि वडील महसूल खात्यात नोकरीला होते. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होतं, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. पोरगं अंगाने दणकट, कुस्तीचा नाद असलेलं आणि डोक्याने हट्टी. कुंभोजच्या विहिरीवर अस्पृश्य बायकांना तासन्‌तास कुणीतरी पाणी वाढेल म्हणून थांबावं लागतं हे बघून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असं सांगतात. रागाने मोडतोड करणारं पोरगं आपल्याही वर्गात असतं. त्याचा राग कशावर आहे ते आपण विचारतो का, हा प्रश्न मला तिथे सुचला, पण मुलांसमोर बोलले नाही.

पुढचं शिक्षण कोल्हापूरला, राजाराम हायस्कुलात. राहायला जैन बोर्डिंगात. त्याच काळात शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच जेवायला बसायचं असा बोर्डिंगचा दंडक होता. त्यांनी तो पाळला नाही. बोर्डिंगातून काढून टाकलं गेलं आणि मग शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं. अभ्यासात मात्र काही चमक दिसली नाही. भाऊराव मॅट्रिक झालेच नाहीत. पुढे ज्यांनी शेकडो शाळा काढल्या आणि कॉलेजं काढली त्यांच्याकडे स्वतःकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट नव्हतं, हे ऐकून माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची मंडळी एकदम सावरून बसली.

शाळा सुटल्यावर काही वर्षं ते साताऱ्यात शिकवण्या करत. १९१० मध्ये काही मित्रांना हाताशी धरून त्यांनी सांगलीजवळ दुधगावला एक विद्यार्थी आश्रम सुरू केला. इथे पहिल्यांदा त्यांची पुढची रीत दिसते. पैसा नव्हता, तर घरोघरच्या बायकांनी रोज दळण-स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि मुलांनी ते गोळा करायचं. त्याला मुष्टिफंड म्हणत. भाऊराव तेव्हा २३ वर्षांचे होते. आमच्याकडे सुगीला मंदिरासाठी पायली-दोन पायली ज्वारी काढून ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे मुलांना हे लगेच समजलं. एका मुलाने हिशोब केला, घरटी एक मूठ, गावात दोनशे घरं, तर रोज किती? आम्ही खरंच वजनकाटा आणून मूठ मोजली. मुठी लहान-मोठ्या निघाल्या, त्यावरून भांडण झालं, तो भाग सोडून देते.

१९१४ च्या सुमारास कोल्हापुरात राजघराण्याच्या, म्हणजे इंग्रज राजघराण्याच्या, पुतळ्यांना डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात भाऊरावांवर किटाळ आलं. दुसऱ्या एका माणसाविरुद्ध खोटी साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी तुरुंगात हाल सोसले. यातून सुटल्यावर त्यांनी पोटासाठी विक्रेत्याचं काम धरलं. आधी ओगल्यांच्या कारखान्याचा काचमाल आणि मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर.

या नांगराच्या कामावर मी वर्गात बराच वेळ घालवला, कारण आपल्या भागाला नांगर आणि कारखाना दोन्ही जवळचे. आमच्या मुलांना वालचंदशेठ माहीत आहेत, गावाच्या नावातच ते आहेत. वालचंद हिराचंद १८८२ चे आणि भाऊराव १८८७ चे, जवळजवळ बरोबरीचे. एकाने नीरेच्या पाण्यावर माळरानात साखर कारखाना आणि गाव वसवलं, दुसरा खेडोपाडी लोखंडी नांगर विकत हिंडला. लाकडी नांगराला सरावलेला शेतकरी लोखंडी नांगराला सहजी तयार होत नव्हता. जमीन बिघडेल, बैल मरतील, अशा शंका असत. नांगर विकायचा म्हणजे गावात मुक्काम करायचा, पारावर बसायचं, शेतात उतरून नांगर चालवून दाखवायचा आणि शेतकऱ्याचं ऐकून घ्यायचं. आठ-नऊ वर्षं भाऊरावांनी हे केलं. दक्षिण महाराष्ट्रातली खेडी त्यांनी नकाशावर पाहिली नव्हती, पायाखाली घातली होती. कर्ज कुठे, सावकार कोण, पावती वाचता येत नाही म्हणून कुणाचं रान गेलं, हे सगळं त्यांना विक्री करता करता कळत गेलं. नवीन नांगर घेतला तरी हिशोब लिहिता येत नसेल तर पीक दुसऱ्याच्याच घरात जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. गरिबीबद्दल त्यांची जी काही समज होती ती या फिरतीत तयार झाली असावी, असं माझं मत आहे. नंतर साताऱ्याकडे कूपर यांच्याबरोबर कारखान्याच्या कामातही ते होते, पण ते फार काळ जमलं नाही.

सत्यशोधक समाजाचं काम या फिरतीच्या जोडीने चालूच होतं. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, ४ ऑक्टोबरला त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये तिचं ठाणं साताऱ्याला हललं. तिथे त्यांनी सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकच बोर्डिंग चालवलं. ब्राह्मण, मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका पंक्तीला. दळण, पाणी, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम सगळं पोरांनी वाटून करायचं. तेव्हा महाराष्ट्रात वसतिगृहं निघत होती, पण बहुतेक एकेका जातीची. त्या जातीजातीच्या वसतिगृहांनीही मोठं काम केलं हे खरं आहे. तरी एकत्र राहणं हाच ज्या शाळेचा पहिला धडा आहे अशी शाळा चालवणं किती अवघड गेलं असेल, याची कल्पना आज मध्यान्ह भोजनाच्या पंक्तीत कोण कुणाशेजारी बसतं यावर लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकांना येईल. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यात आले, त्यांच्या हस्ते या बोर्डिंगचं नामकरण छत्रपती शाहू बोर्डिंग असं झालं. ज्या राजाने आसरा दिला त्याचं नाव द्यायचं भाऊरावांनी ठरवलं होतं. महाराज १९२२ लाच वारले होते.

आता लक्ष्मीबाईंचं सांगायला हवं. भाषणात आपण सांगतो की भाऊराव फिरतीवर असताना बोर्डिंगात धान्य संपलं, पोरं उपाशी राहतील म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. त्याआधी अंगावरचे बाकीचे दागिने गेलेच होते. हे सांगताना आवाज भरून येतो आणि टाळ्या पडतात. मला मात्र दरवेळी वाटतं की आपण हे फार गोड करून सांगतो. शेकडो पोरांचा संसार एका बाईच्या अंगावर होता, त्यांची आजारपणं होती, सोवळ्याओवळ्याच्या सवयी तिला स्वतःला मोडाव्या लागल्या होत्या आणि नवरा महिनोन्‌महिने गावोगाव. १९३० मध्ये त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेचे लोक त्यांना रयतमाउली म्हणतात. त्यांच्या नावाची वेगळी जयंती आपल्या शाळेत होत नाही, आणि संस्थेच्या पायात त्यांचं किती गेलं हे तोलायला मंगळसूत्राची एक गोष्ट पुरत नाही. वर्गात एका मुलीने विचारलं, मग परत कुणी दिलं का त्यांना मंगळसूत्र? मला उत्तर देता आलं नाही.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. मला ज्यासाठी हा पाठ घ्यायचा होता तो भाग इथून सुरू होतो.

बोर्डिंगातून शिकलेली पोरं मोठी झाली. कुणी सातवी, म्हणजे त्या वेळची व्हर्नाक्युलर फायनल, पास झाला, कुणी मॅट्रिक. आपल्यासारख्या आईबापांना वाटेल की आता पोराने तहसील कचेरीत चिकटावं. अण्णांपुढे (एव्हाना सगळे त्यांना अण्णाच म्हणत) दुसराच हिशोब होता. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात, जावळी-पाटणकडे, कितीतरी वाड्यावस्त्यांना शाळाच नव्हती. लोकल बोर्डाला तिथे शाळा काढणं परवडत नव्हतं आणि शहरात शिकलेला मास्तर तिथे जाऊन राहायला तयार नव्हता. अण्णांनी १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षक तयार करण्यासाठी एक ट्रेनिंग कॉलेज काढलं. इंग्रज बादशहाच्या रौप्यमहोत्सवाचं वर्ष होतं, म्हणून नाव दिलं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. नाव सरकारला आवडेल असं, आणि काम स्वतःला हवं ते. ही हुशारी मुलांना आवडली, मलाही आवडते. नावातला रूरल हा शब्दही बघा. खेड्यातल्या मुलांनी खेड्यात शिकवायचं तर शिकवण्याची रीतही खेड्याची असायला हवी, हे त्यात आलं. पुढे बायकांसाठी जिजामाता ट्रेनिंग कॉलेजही निघालं. डी.एड. झालेल्या आपण सगळ्यांनी हे आपलं घराणं समजायला हरकत नाही.

या कॉलेजातून बाहेर पडलेली, विशीच्या आतबाहेरची पोरं अण्णांनी वाड्यावस्त्यांवर पाठवली. या शाळांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. इंग्रजी शब्द गावकऱ्यांच्याही तोंडी बसला होता. एक शाळा म्हणजे एक मास्तर. इमारत बांधायची वाट बघायची नाही. देवळाचा सभामंडप, चावडी, कुणाचा रिकामा गोठा, जिथे जागा मिळेल तिथे फळा टांगायचा. सरकारचं अनुदान अगदी तुटपुंजं, बाकीचं गावाने बघायचं. मास्तर त्याच गावात राहायचा. त्याची भाकरी गावाची, त्याचं दुखणं गावाचं. अशी शाळा टिकायची ती त्या एका पोराच्या वागण्यावर. तो चांगला वागला तर आयाबाया पोरं पाठवत, नाहीतर जनावरांमागे पाठवत.

मी मुलांना विचारलं, असा एखादा वीस वर्षांचा पोरगा आपल्या गावात आला तर काय काय करेल? त्यांनी सांगितलं ते लिहून देते. पत्रं वाचून दाखवेल. बिलावरचा आकडा सांगेल. मुकादमाने किती उचल दिली आणि किती कापली ते वहीत लिहून ठेवेल. उसाच्या खेपांची वजनाची चिठ्ठी बघेल. हे शेवटचं दोन्ही कोपीवरच्या मुलांनी सांगितलं. त्या काळच्या वाडीत उचल आणि मुकादम नव्हते, सावकार आणि खातं होतं, पण पोरांनी गाभा बरोबर पकडला होता. अक्षर आलं की पहिल्यांदा फसवणूक थांबते. पगार त्यानंतरची गोष्ट आहे.

अशा किती शाळा झाल्या? ५७८. हा आकडा मी फळ्यावर लिहिला आणि त्याखाली आपल्या केंद्रातल्या शाळांचा आकडा लिहिला. मुलं बघतच राहिली. नंतरच्या काळात या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेल्या, म्हणजे आजच्या जिल्हा परिषद शाळांच्या वंशातच त्या मिसळल्या. ज्यांनी त्या सुरू केल्या त्या पोरांपैकी बहुतेकांची नावं कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. अण्णांच्या पुतळ्यांना हार पडतात ते योग्यच आहे, पण गरिबीच्या उंबऱ्यावर रोज उभं राहण्याचं काम या पोरांनी केलं. आणि ही पोरं बाहेरून आलेली नव्हती. पाच-सात वर्षांपूर्वी अशाच एखाद्या वाडीतून, अंगावर फाटका सदरा घालून, बोर्डिंगात आली होती.

आता जरा मनातलं. मी २०१० मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिन्याला तीन हजार रुपये मानधन होतं आणि तीन वर्षं ते तसंच चालायचं. शाळा घरापासून लांब, खोलीचं भाडं, एसटीचा पास, महिनाअखेरीला आईकडून डबा. सेवक या शब्दाचा तेव्हा मला फार राग यायचा. म्हणून मी व्हॉलंटरी शाळांच्या मास्तरांबद्दल वाचते तेव्हा नुसती भारावून जात नाही. तरुण माणसाला ध्येयाच्या नावाखाली कमी पैशात राबवून घेणं सोपं असतं, आणि आपल्याकडे ती सवय आजही आहे. अण्णांच्या पोरांनाही ते दिवस सोपे गेले नसणार. फरक एवढा दिसतो की त्यांना राबवणारा माणूस स्वतः अनवाणी होता. पुढच्या आयुष्यात ते पायात काही घालत नसत, अंगावर जाडीभरडी खादी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पांढरी दाढी. आणि पोरांसाठी पुढचा रस्ता ठेवलेला असायचा. मास्तरकी करता करता पुढची परीक्षा द्या, कॉलेजला या, हवं तर संस्थेचे आजीव सभासद व्हा. बोर्डिंगातच वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन थोड्या पगारावर संस्थेच्याच कॉलेजात प्राचार्य झाले. असा एखादा समोर असला की मागून येणाऱ्या पोरांना आपण फसवले जातोय असं वाटत नसावं. तरी प्रश्न माझ्या डोक्यातून पूर्ण जात नाही, आणि तो गेला नाही तरी चालेल.

बाकीचा पट भराभर सांगते. १९३२ मध्ये पुणे कराराची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, तिथे फी नाही, मुलांनी काम करून शिकायचं. कमवा आणि शिका हे नाव आज कॉलेजांच्या योजनांमध्ये दिसतं, त्याचं मूळ या माळावरच्या कुदळ-फावड्यात आहे. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली तेव्हा अण्णांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला. त्याच सुमाराला सरकारशी बिनसून संस्थेचं अनुदानही बंद झालं होतं, ते पुढे सुरू झालं. मधल्या काळात लोकांनी धान्य आणि पैसे देऊन संस्था तगवली. १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज निघालं. स्वतः कधी शाळेत न गेलेल्या साधूचं नाव कॉलेजाला, हे आमच्या मुलांना फार गमतीचं वाटलं. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले. तेव्हा संस्थेची ३८ वसतिगृहं, १०८ माध्यमिक शाळा, ६ ट्रेनिंग कॉलेजं आणि ३ महाविद्यालयं होती. मॅट्रिक न झालेल्या माणसाला डॉक्टर म्हणायला महिनाभरच मिळाला.

एक गोष्ट मुलांना जगाच्या नकाशावर दाखवली. अण्णा गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, क्युबा नावाच्या छोट्या बेटाने एक वर्ष शाळा-कॉलेजातल्या लाखभर मुलामुलींना कंदील आणि पुस्तकं देऊन खेड्यांत पाठवलं, शेतकऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवायला. दिवसा शेतकऱ्याबरोबर काम करायचं, रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवायचं. जगभर त्याचं नाव झालं. तिथे सगळं सरकार मागे उभं होतं. आपल्याकडे त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी हेच काम परक्या सरकारच्या राज्यात, मूठमूठ धान्यावर चाललं होतं. आपल्याकडचं आधी म्हणून मोठं, असं म्हणायचं नाही. शिकलेला तरुण उठून न शिकलेल्याच्या दारात जाऊन राहिला की काय होतं हे जगाच्या दोन टोकांना वेगवेगळ्या माणसांना सुचलं, एवढंच. मुलांनी नकाशात क्युबा आणि सातारा दोन्ही शोधले. सातारा सापडायला जास्त वेळ लागला.

शिक्षकांसाठी एक सूचना. हा पाठ एका तासात होत नाही. मी चार तास घेतले. पाठ झाल्यावर मुलांना प्रश्नोत्तरं न देता एक काम दिलं, घरात किंवा शेजारी रयतच्या शाळेत, वसतिगृहात शिकलेलं कुणी आहे का ते शोधा. बारामती-इंदापूरकडे आणि नीरेपलीकडे फलटण-माळशिरसकडे असे लोक सहज भेटतात. पालकांनीही मुलांना थोडा वेळ द्यावा, आजोबा आजारी आहेत, उगाच त्रास नको, असं म्हणू नये. त्यांना सांगायचं असतं.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे चुलत आजोबा निघाले. वय ऐंशीच्या पुढे. साठच्या दशकात साताऱ्याला कमवा आणि शिका योजनेत शिकले होते, नंतर नोकरी करून निवृत्त झालेले. अण्णांना त्यांनी पाहिलेलं नव्हतं, ते पोहोचायच्या आधीच अण्णा गेले होते. एका शुक्रवारी ते काठी टेकत वर्गात आले. भाषण देणार नाही, विचाराल ते सांगेन, असं आल्याआल्याच सांगितलं. मुलांनी काय विचारावं? जेवायला काय असायचं, अंथरूण होतं का, घरची आठवण आली की काय करायचात. त्यांनी सांगितलं की पहाटे उठून खोदकाम असायचं, आठवड्याचे तास ठरलेले असत आणि पहिल्या महिन्यात हाताला फोड येऊन पेन धरता येत नसे. सुट्टीत गावी आल्यावर वस्तीवरच्या चार-पाच पोरांना ते शिकवत असत, कुणी सांगितलं नव्हतं, पण तिथल्या सगळ्यांनीच ते करायचं असतं अशी त्यांची समजूत झाली होती. त्या चार-पाचांतला एक पुढे तलाठी झाला आणि एक अजून त्यांच्याशी बोलत नाही, कारण त्याला पाढे चुकल्यावर छडी मारली होती. वर्ग खो-खो हसला.

दीड ओळ लिहिणारी मुलगी पुढे बसली होती. तिने विचारलं की रात्री शिकवताना उजेड कशाचा असायचा. आजोबा म्हणाले, चिमणी, रॉकेलची. मग त्यांनी तिला विचारलं, तुझा दादा कशाच्या उजेडात शिकवतो. ती म्हणाली, मोबाइलच्या, पण चार्जिंग संपलं की बंद करावं लागतं. आजोबांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या नातवाने सौर दिवा आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि कुणाला द्यायचा ते सांगितलं. मार्चअखेरीला पट्टा पडेल, टोळी परत जाईल, तेव्हा तिच्या शिक्षण हमी कार्डावर मला सही करायची आहे. पाचवीचा शेवटचा महिना ती कुठल्या शाळेत बसेल ते तिच्या गावच्या गुरुजींना फोन करून विचारून ठेवलं आहे. दादाची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, त्या दिवसांत कोपीवर कोण शिकवणार हे अजून ठरलेलं नाही. आमच्या गावातल्या कॉलेजच्या दोन मुली येते म्हणाल्यात. परवा त्यांना कोप्या दाखवायला घेऊन जाणार आहे.